टोपी विणताना आधी डोकं मोजा (नमुना, हिशेब आणि यंदाची टोपडी)

लोकरवेडी

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात थंडी पडायला लागली की घरोघरी सुया बाहेर निघतात आणि मग सगळीकडून एकच प्रश्न यायला लागतो, टोपीला टाके किती घालू. फोनवर तोच, हळदीकुंकवात तोच, भाजीच्या गाड्यावर सुद्धा तोच. मी प्रत्येकीला उलट विचारते की डोकं किती आणि तुझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये टाके किती बसतात? या दोन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही सांगितलेला आकडा हा अंदाजच. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी डोकं. टेप कपाळावरून, कानांच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवायची. मोठ्या बायकांचं साधारण ५४ ते ५६ सेंमी भरतं, पुरुषांचं ५७-५८, वर्षाच्या बाळाचं ४६ च्या आसपास, नुकत्याच जन्मलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाचं ३५. आता टोपी या मापाची विणायची नसते, लहान विणायची असते, कारण वीण ताणली जाते आणि त्या ताणावरच टोपी डोक्यावर धरून राहते. मोठ्यांच्या टोपीला मी पाच सेंमी कमी धरते, बाळांच्या तीन.

मग नमुना. हा टाळतात सगळे. तीसेक टाके घालून चांगला बारा-तेरा सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मधले दहा सेंमी मोजा, कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते नेहमी वेडेवाकडे असतात. समजा मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घेतल्या आणि दहा सेंमीत २२ टाके भरले. डोकं ५६, टोपी ५१. ५१ गुणिले २.२ म्हणजे ११२. दोन सुलट दोन उलट बॉर्डरला (खालच्या ताणल्या जाणाऱ्या कडेला) चारने भाग जायला हवा, जातो. वरचं घटवणं (टाके कमी करत टोपी वर मिटवणं) आठ भागात करायचं तर आठने जायला हवा, तोही जातो. झालं, ११२ टाके घाला.

आता नमुना न विणता कोणी हेच ११२ टाके घेतले आणि तिचा हात सैल असला, दहा सेंमीत २२ ऐवजी २० च बसत असले, तर टोपी होते ५६ सेंमीची. म्हणजे डोक्याएवढीच. ती धरणार कशी, डोळ्यांवरच येणार. दोन टाक्यांच्या फरकाने पाच सेंमी जातात, आणि तो फरक नुसत्या नजरेला दिसत नाही हो. पॅटर्न कितीही सुंदर असू दे, तो ज्या हाताने विणला त्या हाताचा असतो. तुमचा हात तुम्हीच मोजायचा.

सुयांच्या नंबरचं पण सांगून ठेवते कारण यात फार जणी फसतात. आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्लिश नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. ६ नंबर ५ मिमी, ८ नंबर ४ मिमी, १० नंबर सव्वातीन मिमी. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे चालतात, तिथली ६ नंबर ४ मिमीची आणि ८ नंबर ५ मिमीची. नेटवरच्या पॅटर्नमध्ये ८ नंबर दिसली आणि आपल्या घरातली ८ उचलली की सगळं गणित बोंबललं. नंबर बघूच नका, मिमी बघा.

पुढचं घटवणं वगैरे प्रतिसादात लिहिते, हात दुखला.

लष्करची सून

वाचनखूण साठवली आहे. ताई पटापट लिहा पुढचं, माझी टोपी बॉर्डरच्या वर चार बोटं होऊन तशीच सुयांवर बसलीय.

नुकतीच शिकतेय

खूप छान समजावलंय. एक शंका, मी गोल सुईवर विणते (४० सेंमी वायरवाली) आणि नमुना मात्र सरळ सुयांवर विणला होता, नमुन्यात २२ आले आणि टोपीत २४ च्या वर येतायत, असं का होतं? लोकर तीच, सुई पण ८ च.

लोकरवेडी

@नुकतीच शिकतेय, होणारच. सपाट विणताना एक सुई सुलट आणि परतीची सुई उलट असते, आणि बहुतेकींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. गोल विणताना उलट टाका येतच नाही, सगळं सुलटच, म्हणून वीण घट्ट होते. गोल टोपीचा नमुना पण गोलासारखाच विणायचा. त्याची एक युक्ती आहे, गोल सुईवर तीस टाके घ्या, एक ओळ सुलट विणा, ओळ संपली की पालटायचं नाही, टाके सरकवत सुईच्या दुसऱ्या टोकाला आणा, लोकर मागून ढिली सोडा आणि परत पहिल्या टाक्यापासून सुलटच विणा. मागे लांब लांब दोरे लोंबतील ते लोंबू देत. धुताना ते मधोमध कापले की नमुना सपाट पडतो आणि मोजता येतो.

आता घटवणं. ११२ टाके, आठ भाग, प्रत्येकात १४. पहिल्या फेरीत १२ सुलट आणि २ एकत्र, असं आठ वेळा, म्हणजे आठ टाके कमी. पुढची फेरी साधी. मग ११ सुलट २ एकत्र, परत साधी. असं एकाआड एक करत प्रत्येक भागात ७ टाके उरेपर्यंत जायचं, ७ झाले की साध्या फेऱ्या बंद आणि प्रत्येक फेरीत घटवायचं. शेवटी आठच टाके राहतात, लोकर तोडून तिचं टोक शिवायच्या सुईत ओवायचं, आठही टाक्यांतून काढून आवळायचं आणि आत नेऊन पक्कं करायचं. या सगळ्याला २० फेऱ्या लागतात. माझ्या नमुन्यात दहा सेंमीत ३० ओळी बसतात म्हणजे वरचा घुमट होतो साधारण साडेसहा ते सात सेंमी. टोपी एकूण २१ सेंमी उंच हवी तर घटवायला सुरुवात करायची कडेपासून चौदा-साडेचौदा सेंमीवर. बॉर्डर दुमडायची असली तर तेवढी उंची वर धरा. आणि बॉर्डर दोन नंबर बारीक सुईवर, म्हणजे अंगाला ८ तर बॉर्डरला १०. हे केलं नाही तर बॉर्डर दोन धुण्यांत फाकते.

एकत्र विणलेले दोन टाके उजवीकडे झुकतात, त्यामुळे सगळीकडे तेच केलं की वरती भोवऱ्यासारखी फिरकी दिसते. मला ती आवडते. सरळ आठ रेघा हव्या असतील तर जोडीने घटवावं लागतं, एक उजवीकडे झुकणारं, एक डावीकडे. डावीकडच्यासाठी दोन टाके एकेक करून सुलटसारखे नुसते उचलायचे, परत डाव्या सुईवर ठेवायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे. पण मग एका भागात दोन टाके जातात, तेव्हा भाग आठऐवजी चार धरा.

मोरार काकू

हे गोल सुई वगैरे आत्ता आलं हो. आम्ही दोनच सुयांवर विणल्या सगळ्या टोप्या, पूर्ण खानदानाच्या, आणि एकही डोळ्यांवर नाही आली. नमुन्याचं म्हणाल तर बाई, हात बसलेला असला की लागत नाही. मी लोकर बोटावर घेतली की समजतं मला किती टाके घालायचे.

लोकरवेडी

काकू, तुमचा हात म्हणजे वर्षानुवर्षांचा नमुनाच आहे हो, तो तुमच्यापाशी जमा आहे. नवीन मुलींकडे तो नाही म्हणून त्यांनी विणायचा. आणि दोन सुयांवर काहीच बिघडत नाही, उलट ज्यांच्याकडे गोल सुई नाही त्यांनी तसंच करावं. फक्त शिवणीसाठी दोन टाके जास्त घाला, ११२ चे ११४, ते दोन शिवणीत जातात आणि नक्षी तुटत नाही. शिवण सुलट बाजूने घालायची, दोन्ही कडांच्या पहिल्या टाक्याच्या आतल्या आडव्या दोऱ्यांतून आळीपाळीने. दिसतसुद्धा नाही.

काकू, तुम्ही माकडटोपीचं लिहाल का? इथे कोणालाच नीट येत नाही, आणि तुमच्या हातची मी बघितलीय, तोंडाभोवती एक सुरकुती नसते.

मोरार काकू

लिहिते. टाईप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माकडटोपी गळ्यापासून वर विणायची. चार सुयांवर गळा, दोन सुलट दोन उलट, वीतभर नको, बारा सेंमी पुरे, मफलरचं काम करतो तो. मग टाक्यांचे तीन भाग समजा, पुढचा एक भाग पिनेवर काढून ठेवायचा, तो तोंडाखालचा. उरलेले दोन भाग सपाट विणत जायचे, सुलट सुई उलट सुई, कानावरून वर पंधरा सोळा सेंमी. आता डोक्याचा घुमट, इथेच सगळ्या अडतात. मोज्याची टाच वळवतो ना तसंच करायचं. त्या टाक्यांचे परत तीन भाग, मधल्याच भागावर विणायचं आणि मधल्या भागाचा शेवटचा टाका बाजूच्या भागाच्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र करून घ्यायचा, पालटायचं, दुसऱ्या बाजूला तेच. अशा दोन्ही बाजू खाऊन टाकायच्या. बाजू संपल्या की घुमट आपोआप वळलेला असतो, शिवण नाही काही नाही. मग चेहऱ्याभोवती कडांवरून टाके उचलायचे, पिनेवरचे घ्यायचे, मधले घ्यायचे आणि गोल बॉर्डर तीन सेंमी. बंद करताना सैल हाताने. बंद करताना आवळलं की तोंडाभोवती सुरकुती येते, बस एवढंच कारण आहे. मी बंद करताना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घेते.

कडेचे टाके उचलताना तीन ओळींमागे दोन किंवा चारमागे तीन उचला. प्रत्येक ओळीला उचलले की झालर होते.

लष्करची सून

काकू 🙏 माझ्या सासूबाई अगदी हेच म्हणतायत, टाच वळवल्यासारखं. त्यांनी प्रिंट काढायला लावलीय.

ग्राफपेपर

सुंदर धागा. मी विणत नाही फारसा, बायको विणते, पण तिच्यासाठी नक्षीचे ग्राफ मी काढतो, म्हणून आलो. काकूंच्या माकडटोपीवरून आठवलं, तिचं इंग्रजी नाव बालाक्लावा, ते क्रिमियन युद्धातल्या गावाचं नाव, तिथली लढाई १८५४ ची. आणि लोकरीच्या टोपीवर तर इंग्लंडात कायदा होता, १५७१ मध्ये, की सहा वर्षांवरच्या बहुतेक सगळ्यांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशातच बनलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दंड. उमराव वगळून. लोकरीचा धंदा टिकावा म्हणून. १५९७ ला रद्द झाला.

मुद्द्यावर येतो. यंदा आम्ही ग्वाल्हेरचीच नक्षी करतोय. मानमंदिरावरची बदकं. किल्ल्यावर गेलेल्यांना माहीतच आहे, राजा मानसिंग तोमरच्या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे, हत्ती, मगरी, केळीची झाडं पण आहेत. पाचशे वर्षांची ती रांग टोपीवर फिरली तर काय दिसेल! निळी जमीन, पिवळी बदकं. पण कागदावर काढलेलं गुबगुबीत बदक विणल्यावर चपटं झालं, बायको म्हणते ग्राफ चुकला, मी म्हणतो वीण. कोण सांगेल?

लोकरवेडी

वा वा वा! काय कल्पना आहे ही, अंगावर शहारा आला. मी लहानपणापासून ती रांग बघत आलेय आणि डोक्यात कधी आलं नाही.

भांडू नका दोघं, टाका चौरस नसतो एवढंच. २२ टाके आणि ३० ओळी दहा-दहा सेंमीत बसत असतील तर टाका रुंद जास्त आणि उंच कमी आहे. चौकोनी रकान्यांच्या कागदावर १० रुंद १० उंच काढलेलं चित्र विणल्यावर दबणारच. तेवढंच उंच हवं तर १० ला १४ ओळी लागतील. तुमच्या ग्राफचे रकानेच त्या मापाचे आखा, कॉम्प्युटरवर होतं ते सहज, २२ ला ३० या प्रमाणात रकाना रुंद करायचा, मग कागदावर दिसेल तसंच विणलं जाईल.

पण थांबा, दोन रंगात विणताना वीण बदलते. मागून दुसरा रंग जात असतो म्हणून टाका जरा चौरसाकडे झुकतो आणि कापड आवळतं. म्हणून नमुना दोन रंगातच विणून मोजा, त्यातच टाके किती ओळी किती ते बघा आणि मगच ग्राफ आखा. बॉर्डर संपून बदकं सुरू झाली की एक नंबर जाड सुई घ्यायची, बदकं संपली की परत आधीची.

दुसरं, बदकाची रुंदी. ११२ टाके असतील तर बदक आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून १४ टाके ठेवा, आठ बदकं बसतात, आणि वरती आठ भागात घटवणार आहात म्हणजे प्रत्येक घटवण्याची रेघ बरोबर बदकाच्या शेपटीमागून वर जाईल. १६ ठेवलं तर सात बसतील, टाक्यांचा भाग जातो पण वरच्या भागांशी जुळत नाही. बघणाऱ्याला कळणार नाही काय खटकतंय, पण खटकतं.

तिसरं, मागचे दोरे. एक रंग पाच टाक्यांपेक्षा जास्त सलग आला तर दुसऱ्या रंगाचा दोरा मागे लोंबतो, बोटं अडकतात, टोपी घालताना अंगठी अडकते. दोन बदकांमध्ये निळी जागा मोठी राहात असेल तर तिथे पिवळे एक-दोन टाके टाका, पाण्याचे थेंब समजा, किंवा मागून दोरा मध्येच एकदा पकडून घ्या. पकडायचं ते प्रत्येक ओळीत एकाच जागी नको, पुढून रेघ दिसते. आणि उजव्या सुईवरचे टाके पसरून ठेवत विणायचं, म्हणजे मागचा दोरा पुरेसा लांब सुटतो. दोरा आखडला की टोपीच चढत नाही डोक्यावर, यावर नंतर काही उपाय नाही, उसवणं सोडून.

ग्राफपेपर

थेंब! एकदम पटलं. आज रात्रीच नवीन ग्राफ काढतो, इथे टाकतो. बायको म्हणते तुमचा हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

थाटीपूरची

मला पण हवाय ग्राफ. आणि हत्तीचा काढा ना पुढच्या वेळी, मुलासाठी.

एक प्रश्न, पट्ट्यापट्ट्यांची टोपी गोल विणते तेव्हा रंग बदलतो तिथे पायरी दिसते, ती जात का नाही?

लोकरवेडी

@थाटीपूरची, गोल वीण म्हणजे खरं तर जिन्यासारखी वर चढत जाते, फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ वर असतो म्हणून पायरी. नवीन रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणा, दुसऱ्या फेरीत पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्या, बस. खालच्या ओळीचा टाका वर ओढला जातो आणि पायरी जवळजवळ नाहीशी होते. एका ओळीच्या पट्टीला हे चालत नाही, दोन किंवा जास्त ओळी हव्यात.

बडोदेकर

आमच्याकडे बडोद्याला एवढी थंडी कुठली हो, लोकरीची टोपी फार तर आठवडा-दोन आठवडे. पण मला वेगळ्याच कारणासाठी विणायचीय. माझ्या मावशीची केमो सुरू आहे, केस गेलेत, तिला स्कार्फ सरकतो म्हणून टोपी हवीय जी घरातही घालता येईल. कुठली लोकर घेऊ?

लोकरवेडी

मावशींना लवकर बरं वाटू दे. लोकर घेऊच नका, केस नसलेल्या डोक्याला ती टोचते. मऊ सुती धागा घ्या किंवा बांबू मिसळलेला सुती. गालावर नाही, गळ्यावर घासून बघा, तिथे टोचलं नाही तर डोक्याला टोचणार नाही. शिवण अजिबात नको, गोलच विणा, गाठी आत येणार नाहीत असं बघा. सुती धागा लोकरीसारखा परत आवळत नाही, ताणला की ताणलेला राहतो, तेव्हा बॉर्डर जरा जास्त उंच ठेवा आणि टोपी डोक्यापेक्षा सहा-सात सेंमी लहान धरा. डोकं आत्ताचं मोजा, केस होते तेव्हाचं नाही. आणि कानांच्या मागे, मानेवर केसांची रेघ असते तिथपर्यंत खाली यायला हवी, म्हणून उंची दोन सेंमी जास्त.

बडोदेकर

खूप खूप आभार. उद्याच आणते. मावशीला जांभळा आवडतो.

लष्करची सून

ताई, बाळांच्या टोपड्यांचं लिहा ना आता, रविवारचं पण सांगा सगळ्यांना.

लोकरवेडी

हो, मुख्य तेच राहिलं.

तर मंडळी, विणकामाचा एक जागतिक दिवस असतो, लोकांनी घराबाहेर एकत्र बसून विणायचं. २००५ पासून चालू आहे, जूनच्या दुसऱ्या शनिवारी. जूनमध्ये ग्वाल्हेरात ४५ डिग्रीत बाहेर बसून लोकर हातात कोण धरणार? म्हणून आम्ही काही जणी तोच प्रकार थंडीत करतो. धुकं विरलं की रविवारी अकराच्या सुमाराला फूलबागेत, उन्हाची जागा बघून बसतो, चटई घरून आणायची. कोणी गजक आणतं, कोणी पोहे, हात मात्र चालू राहिले पाहिजेत. नवीन मुली येतात, टाके घालण्यापासून शिकतात, काकू असतात ना, त्या बाजूला बसवून घेतात आणि चुकलं की हातातून सुया काढून स्वतः दाखवतात.

यंदा संक्रांतीचं वाण टोपड्यांचं करायचं ठरलंय. हळदीकुंकवाला जी येईल तिला प्लास्टिकचा डबा देण्यापेक्षा लोकरीचा एक गुंडा वाण म्हणून द्यायचा, आणि तिने रथसप्तमीपर्यंत त्याचं एक टोपडं विणून परत आणायचं. विणता येत नसेल तिला आम्ही शिकवू. ही सगळी टोपडी नवजात बाळांच्या वॉर्डात जाणार. आधी तिथल्या सिस्टरांना भेटून काय हवं काय नको ते विचारून आलोय, कृपया मनाने काही विणू नका.

त्यांनी सांगितलेलं असं. गोंडा नको, नाड्या नकोत, बटण मोती काही नको, केसाळ लोकर नको, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. तिथे गरम पाण्यात धुतलं जातं, तेव्हा शुद्ध लोकर नको, ती आटून नमद्यासारखी होते. मऊ बेबी अ‍ॅक्रिलिक किंवा सुती. आतल्या बाजूला लांब दोरे अजिबात नकोत, बाळाचं बोट अडकतं, म्हणजे बदकं नाहीत हो ग्राफपेपर, पट्ट्या चालतील.

सगळ्यात जास्त गरज छोट्या मापांची आहे. लोक बाजारातून टोपडी आणून देतात ती सहा महिन्यांच्या बाळाची असतात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ एवढंसं असतं की ते टोपडं त्याच्या गळ्यात येतं. त्या बाळांना टोपडं ही हौस नसते, शरीराच्या मानाने डोकं मोठं असल्यामुळे उष्णता तिथूनच फार जाते आणि ऊब राखायची ताकद त्यांच्यात नसते. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवायची जी कांगारू पद्धत आहे, १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली ती, त्यातही बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडं एवढंच असतं.

मापं लिहून घ्या. बारीक बेबी धागा, १० नंबरची सुई, दहा सेंमीत २८ टाके भरतात असं धरून. पूर्ण दिवसांचं बाळ, डोकं ३५, टोपडं ३२ च्या आत, टाके ८८. बत्तीस आठवड्यांचं बाळ, डोकं २९ च्या आसपास, टाके ७२. अठ्ठावीस आठवड्यांचं, डोकं २५-२६, टाके ६४. तिन्हीला आठने भाग जातो, वर सांगितलं तसंच घटवायचं, फक्त भाग लहान, ११, ९ आणि ८ टाक्यांचे. सगळ्यात छोटं टोपडं संत्र्यावर बसवून बघा, बरोबर बसलं पाहिजे. कडेला बॉर्डर किंवा नुसतं सुलट विणून गुंडाळी होऊ द्या, गुंडाळीमुळे माप थोडं वरखाली चालून जातं म्हणून नवीन मुलींना मी तीच सांगते.

आणि टाके घालताना सैल घाला. बहुतेकजणी सैल म्हणजे टाकाच मोठा करतात, त्याने कड नुसती ढगळ दिसते. दोन टाक्यांमध्ये सुईवर थोडी जागा सोडायची, दोरीत ताण आला तर त्या जागेतून येतो. बाळाच्या कपाळावर कडेचा वळ उठला तर ते टोपडं बाद, सिस्टर लगेच काढून टाकतात.

नुकतीच शिकतेय

मी येते रविवारी. १० नंबरच्या गोल सुया नाहीत माझ्याकडे, महाराज बाड्यावर मिळतील का?

मोरार काकू

मुली सुया घेऊ नकोस, माझ्याकडे आहेत चार सुयांचे दोन सेट. बाड्याच्या आजूबाजूला लोकरीची दुकानं आहेत तिथे धागा मात्र नीट बघून घे, एका लॉटचा घे, गुंड्यावर लॉट नंबर असतो. दोन लॉट मिसळले की रंगाचा फरक उन्हात दिसतो. एका टोपड्याला २०-२५ ग्राम लागतं, मोठ्या टोपीला ७०-८०.

थाटीपूरची

काकू चार सुयांवर माझी वीण दोन सुयांच्या सांध्यात विरळ पडते, शिडीसारखी रेघ उठते खालपासून वरपर्यंत. म्हणून मी सोडूनच दिलं चार सुयांवर.

मोरार काकू

सोडू नकोस. नवीन सुई सुरू करताना सगळ्या पहिला टाका ओढतात, त्याने काही होत नाही. पहिला विण, दुसरा विण आणि दुसरा विणताना ओढ. आणि दर दोन फेऱ्यांनी पुढच्या सुईवरचे दोन टाके या सुईवर घे, सांधा सरकत राहतो, रेघ जमतच नाही. रविवारी ये, समोर करून दाखवते.

ग्राफपेपर

नवीन ग्राफ तयार, १४ टाके, बदक नऊ टाक्यांचं, मध्ये थेंब. चोच डावीकडे. बायकोने चार बदकं विणली पण, गुबगुबीत आलीयत! ज्यांना हवा त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. टोपी धुतल्यावर कशावर वाळवायची? तिची लोकर शुद्ध आहे.

लोकरवेडी

शाब्बास! फोटो टाका हो लवकर.

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग डोक्याएवढा फुगा फुगवून त्यावर चढवा आणि पातेल्यात उभा ठेवा, बॉर्डरचा भाग मात्र ताणायचा नाही, तो फुग्याच्या खाली सैल राहू दे. दोन रंगांच्या विणीला धुतल्यावरच खरं रूप येतं, टाके एकमेकांत बसतात. ज्यांची अ‍ॅक्रिलिक आहे त्यांनी इस्त्री लांब ठेवा, एकदा उष्णता लागली की ती वीण कायमची लोळागोळा होते, परत उठत नाही.

इंदूरचा पाहुणा

वाचनमात्र होतो, लेकीसाठी विचारतोय. ती डावखुरी आहे, आरशात बघितल्यासारखं विणते, सगळं उलट दिशेने. तिला बदकांचा ग्राफ चालेल का, आणि घटवणं?

लोकरवेडी

नक्की चालेल. घटवताना तिचे दोन एकत्र टाके डावीकडे झुकतील, म्हणजे वरची फिरकी दुसऱ्या बाजूला फिरेल, छानच दिसते ती. ग्राफ मात्र आपण उजवीकडून डावीकडे वाचतो तसा तिने वाचला तर बदकांची तोंडं उजवीकडे होतील. मानमंदिरासारखी एका दिशेला चालणारी रांग तेव्हाही होईलच, फक्त उलटी. ग्राफपेपरांच्या चित्रातल्यासारखीच चोच डावीकडे हवी असेल तर तिने प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची, खालून वर आपल्यासारखंच जायचं. ग्राफच्या डाव्या कडेला ओळींचे नंबर घालून द्या तिला, म्हणजे वाचताना गोंधळ होणार नाही.